तिकीट काढल्यानंतरचा हिशोब: विमानप्रवासात पैसे कुठे गेले, कुठे वाचले?

पाचपाखाडीकर
मंगळवारी तिकीट स्वस्त मिळतं की बुधवारी, यावर बोलून झालंय. मला तिकीट काढल्यानंतरचं ऐकायचंय. काउंटरवर, रद्द करताना, थेट घरी पोहोचेपर्यंत खिसा कुठे कापला गेला आणि कुठला नियम माहीत होता म्हणून वाचला?

सुरुवात माझ्याच गाढवपणापासून. मार्चमध्ये दिल्लीला गेलो. परतीचं तिकीट सातशेने स्वस्त दिसलं, लगेच घेतलं. 'मुंबई' एवढंच वाचलं. शेजारी बारीक अक्षरांत विमानतळाचा कोड बीओएम (सहार) ऐवजी एनएमआय (नवी मुंबई, म्हणजे उलवे) होता, तिकडे बघतो कोण. 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईहून विमानं सुरू झाली तेव्हा सगळ्या ग्रुपांवर फोटो टाकणारा मीच, आणि उलव्याला उतरल्यावर आठवलं की गाडी सहारच्या पार्किंगमध्ये आहे. ऐन संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये टॅक्सीने उलवे ते सहार, तिथून गाडी काढून ठाणे. सातशे वाचवायला गेलो आणि चौदाशे घालवून आलो. बायको अजून ऐकवते.

सीशोअरवाली, वाशी
गेल्या जूनमध्ये आई घरात पडली, मांडीचं हाड मोडलं. कोचीची दोन तिकिटं रद्द करावी लागली. ज्या ॲपवरून काढली होती त्यावर ठळक अक्षरांत: नॉन-रिफंडेबल, परतावा शून्य. त्या गडबडीत मी पैसे सोडूनच दिले होते. भाऊ म्हणाला, मूळ भाडं गेलं ते गेलं, पण विमानतळाची फी, सिक्युरिटीची फी, सरकारी कर... तू उडालीच नाहीस तर हे कशाचे घेतात? डीजीसीएचा, म्हणजे विमानकंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियमच आहे म्हणे. तिकीट कसलंही असो, एवढे पैसे परत द्यावेच लागतात. आणि रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याहून जास्त लावता येत नाही.

ॲपवाले म्हणाले, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, ॲपला विचारा. तीन आठवडे ही टोलवाटोलवी. शेवटी सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली आणि त्यात भावाने सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं: एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, त्यामुळे त्याच्याकडून काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही कंपनीचीच. बाराव्या दिवशी 1,846 रुपये जमा. आईच्या वॉकरचे पैसे निघाले.

कावेसरची आई
आमचं छोटंसंच. ॲपवर सीट निवडताना दर सीटला पैसे मागतात, नाही निवडली तर पोरगी भलत्याच रांगेत बसेल या भीतीने मी दरवेळी भरायचे. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने सांगितलंय की एकाच पीएनआरवर असतील तर 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा बाबांपैकी एकाशेजारी सीट द्यायची. आता मी वेब चेक-इनमध्ये मिळेल ते घेते आणि गडबड वाटली तर काउंटरवर शांतपणे हे सांगते. नवरा मात्र हमखास मागे टॉयलेटजवळ. त्याच्यासाठी नियम नाही.

नेरूळच्या काकू
लेकीचं बाळंतपण बंगळूरला. डिंक, खारीक, अळीव, दुपटी, गोधड्या आणि अर्धा किलो खोबऱ्याच्या वाट्या. घरच्या हातकाट्यावर बॅग 14.8, तिथे भरली 15.6. काउंटरवरची मुलगी जादा वजनाचे पैसे सांगायला लागली, तशी मी तिथेच बॅग उघडून दोन शाली काढल्या आणि अंगावर घेतल्या. मे महिन्यात.

आत जाऊन बसते न बसते तोच माझं नाव पुकारलं. एका मुलाने मला माझ्याच बॅगेपाशी नेलं. त्याने दुपटी अलगद बाजूला केली आणि नेमका त्या पिशवीवर हात ठेवला. "आंटी, सूखा नारियल." मी म्हटलं, "खा ना बाबा, घे." हसला बिचारा. मग समजावलं की सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेऊ शकतं, म्हणून खालच्या सामानातसुद्धा नाही चालत. वाट्या तिथेच राहिल्या. हॅन्डबॅगेत डबाभर लाडू होते, त्यात किसून भाजलेलं खोबरं होतंच की! त्याला कुणी हात लावला नाही. वाट्या बंगळूरात दुप्पट भावाने घेतल्या.

कोपरखैरणे सेक्टर 11
पॉवर बँक फक्त हॅन्डबॅगेत, हे माहीत होतं. पण माझ्या पॉवर बँकवरचे आकडे घासून गेले होते, म्हणून सिक्युरिटीला ठेवून घेतली. 1,900 रुपयांची. 100 वॉट-तासांपर्यंत विनापरवानगी चालते. हिशोब सोपा आहे: 20,000 एमएएचला 3.7 ने गुणा, हजाराने भागा, 74. पण हे गणित तिथे तोंडी कुणी ऐकत नाही, छापलेलं दिसावं लागतं.

कळवेकर
सहार विमानतळाला जायला टॅक्सीला हजार घालवू नका. लोकलने घाटकोपर, मेट्रो एकने मरोळ नाका, तिथे मेट्रो तीन पकडायची, पुढचंच स्टेशन टी-2. शंभराच्या आत. मोठ्या बॅगा असतील तर पहाटे निघा, आठच्या लोकलमध्ये बॅग चढेल, तुम्ही राहाल.

चरईतले आजोबा
मुलगा जर्मनीत. 2024 च्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिथून परतत होतो. विमानात बिघाड झाला, मुंबईत साडेपाच तास उशिरा पोहोचलो. जेवणाची कुपनं दिली, पुढच्या प्रवासासाठी व्हाउचर देऊ केलं. आमची ही 'सही करा, आजोबा' म्हणायच्या बेतात. मुलाने फोनवरून सांगितलं, बाबा, कशावरही सही करू नका.

युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम तिथून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू आहे. कंपनी कुठल्याही देशाची असो, प्रवासी कुठलाही असो. अंतर 3,500 किलोमीटरच्या वर आणि पोहोचायला चार तासांहून जास्त उशीर, तर माणशी 600 युरो. वादळ, हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप वगैरे असेल तर कंपनी सुटते, नेहमीचा तांत्रिक बिघाड त्यात बसत नाही. आम्ही बोर्डिंग पास जपून ठेवले होते (मी बसची तिकिटंही ठेवतो, त्यावरून घरात टोमणे असतात). पहिल्या अर्जाला नकार, दुसऱ्यालाही. तिसऱ्यांदा मुलाने तिथल्या तक्रार संस्थेकडे जाऊ असं लिहिलं. पाचव्या महिन्यात 1,200 युरो खात्यात. तिकिटांचे निम्म्याहून जास्त पैसे परत आले. टोमणे बंद झाले.

ऐरोली नाका
आजोबा, आपल्याकडे एवढं नाही. पण उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड आपली. मी नागपूरला पैसे परत घेतले आणि रात्रीच्या ट्रेनने आलो. वेटिंग कन्फर्म झालं हे नशीब.

खारघर
मदत हवीय. तासाभरापूर्वी सासूबाईंचं तिकीट काढलं. आधारवर सुमन, तिकिटावर सुमान झालंय. नवीन काढू का?

पाचपाखाडीकर
थांब! कंपनीच्या साइटवरून थेट काढलंय ना? मग 24 तासांच्या आत स्पेलिंगची दुरुस्ती फुकट. आत्ता फोन लाव.

खारघर
लागला. नऊ मिनिटं बासरी ऐकवली. सुमन झालं.