खोटे अभिप्राय आणि फुगवलेला गल्ला: बंदी केली तर ती कोणावर बजावायची?

सजग_वाचक

विक्रेत्याने स्वतः लिहिलेले किंवा पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत आणि लिहिणारी व्यक्ती खरी असल्याची पडताळणी संकेतस्थळाने करावी, असे सांगणारे आयएस १९००० हे मानक भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणले. ते आले ऐच्छिक स्वरूपात. मे २०२४ मध्ये सरकारनेच ते सक्तीचे करण्याचा प्रस्ताव चर्चेला ठेवला. माझ्या मते ही सक्ती हवीच, आणि तिच्यासोबत जाणवेल असा दंडही हवा.

दंडाशिवाय काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. संडे रायली या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत वरिष्ठांच्या सांगण्यावरून कर्मचारी खोट्या खात्यांवरून स्वतःच्याच उत्पादनांची स्तुती लिहीत होते. हे सिद्ध करण्याइतका पुरावा हाती असूनही २०१९ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने केलेल्या तडजोडीत एका डॉलरचाही दंड नव्हता. पुन्हा असे करणार नाही एवढी हमी पुरेशी मानली गेली. २१ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे स्वतंत्र नियम लागू झाला आणि जाणूनबुजून केलेल्या प्रत्येक उल्लंघनाला ५१,७४४ डॉलरपर्यंत दंड ठेवण्यात आला. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा कंपनीच्या जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाख आणि पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. मोठ्या कंपनीच्या प्रसिद्धीखर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

मोकळा_पडदा

हेतू चांगला आहे. परंतु असा कायदा प्रत्यक्षात कोणाच्या हाती पडतो, हे केरळमध्ये दिसले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका दिग्दर्शकाच्या तक्रारीवरून चित्रपटाचे परीक्षण करणाऱ्यांवर गुन्हा नोंदवला गेला आणि पुढे उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने, म्हणजे न्यायालयाला सल्ला देणाऱ्या वकिलाने, प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षण करू नये, अशी शिफारस केली. तमिळनाडूतील निर्मात्यांनी तर २०२४ मध्ये तीन दिवसांची बंदी मागितली. सुरुवात ‘खोट्या’ परीक्षणांच्या तक्रारीने होते आणि मागणी मात्र सर्वच परीक्षणे थांबवण्याची होते.

मराठी चित्रपटाला हे सर्वांत महागात पडेल. ज्या चित्रपटाकडे जाहिरातीला पैसा नाही, त्याला शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत प्रेक्षकांच्या तोंडी प्रसिद्धीचाच आधार असतो; सोमवारी खेळ कमी झाले की नंतर आलेल्या कौतुकाचा उपयोग उरत नाही.

सजग_वाचक

४८ तासांच्या शिफारशीला माझाही विरोध आहे. परंतु ती शिफारस मताला अडवते, आणि मी व्यवहाराला अडवण्याविषयी बोलतो आहे. २००१ मध्ये सोनीच्या चित्रपटांच्या जाहिरातींत डेव्हिड मॅनिंग नावाच्या समीक्षकाची स्तुतिपर वाक्ये छापली जात होती, आणि असा समीक्षक अस्तित्वातच नव्हता. तो कंपनीच्या प्रसिद्धी विभागात तयार झाला होता. त्या प्रकरणात चित्रपट चांगला की वाईट, हे कोणालाही ठरवावे लागले नाही. वाक्य कोणी लिहिले, एवढाच प्रश्न होता, आणि कनेक्टिकट राज्याला सोनीने ३,२६,००० डॉलर दिले. पैसे देणारा, मध्ये काम करणारा दलाल आणि कळूनही तो मजकूर ठेवणारे संकेतस्थळ, या तिघांपुरतीच कारवाई मर्यादित ठेवता येते.

खिडकीवरून

मी चित्रपट वितरणाशी संबंधित आहे, म्हणून ब्लॉक बुकिंगविषयी लिहितो, कारण गाजावाजा निर्माण करण्याचा मोठा भाग तेथे आहे. निर्माता किंवा एखादी पुरस्कर्ती कंपनी घाऊक तिकिटे घेते, बुकिंगच्या ॲपवर खेळ भरलेला दिसतो आणि प्रेक्षागृहात खुर्च्या रिकाम्या असतात. हे मला मान्य नाही. तरीही ती तिकिटे खरी असतात, त्यांवर कर भरलेला असतो. शिवाय मराठीत मंडळे, शाळा आणि संस्था मनापासून संपूर्ण खेळ विकत घेतात आणि आपल्या माणसांना घेऊन येतात. कितीतरी चांगले चित्रपट त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात पोहोचले आहेत. या दोन्हींची पावती सारखीच असते. अधिकारी कोणत्या आधारावर एकीला गुन्हा ठरवणार?

आकडेमोड

घाऊक खरेदीवर बंदी नको. तिची वेगळी नोंद हवी. आपल्याकडे गल्ल्याचे आकडे निर्माते आणि चित्रपट व्यवसायातील मंडळी सांगतात, आणि ते तपासणारी अधिकृत व्यवस्था नाही. दक्षिण कोरियात प्रत्येक तिकिटाची नोंद सरकारी चित्रपट परिषदेच्या जाळ्यात होते. तेथेही लबाडी झाली. परंतु नोंद असल्यामुळेच २०२३ मध्ये पोलिसांना चित्रपटगृहांच्या साखळ्या आणि वितरक यांच्यापर्यंत पोहोचता आले. चीनमध्ये २०१६ मध्ये एका वितरकाने ७,६०० हून अधिक बनावट खेळ दाखवले आणि साडेपाच कोटी युआनहून अधिक रकमेची तिकिटे स्वतःच घेतली, हे उघड झाले व त्याचा परवाना महिनाभर स्थगित झाला. मंडळाने घेतलेला खेळ ‘घाऊक खरेदी’ म्हणून जाहीर झाला तर त्यात मंडळाचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते ‘हाउसफुल्ल’ची जाहिरात करणाऱ्याचे.

मोकळा_पडदा

नोंदीची सूचना मला पटते. पडताळणीची मात्र भीती वाटते. गावातील एकमेव रुग्णालयाबद्दल किंवा स्थानिक पुढाऱ्याच्या हॉटेलबद्दल खरे लिहिणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक संकेतस्थळाकडे असेल, तर तो उद्या कोणाकडे जाईल? खोटे लिहिणारा दलाल शंभर सिमकार्डे बाळगतो. खरे लिहिणाऱ्याकडे एकच क्रमांक असतो, आणि सापडतो तो.

सजग_वाचक

हा आक्षेप गंभीर आहे आणि मानक सक्तीचे करतानाच त्याचे उत्तर आदेशात लिहिले गेले पाहिजे. लेखकाची ओळख न्यायालयाच्या आदेशाशिवाय विक्रेत्याला किंवा अन्य कोणालाही देता येणार नाही, आणि दिल्यास खोट्या अभिप्रायाइतकाच दंड होईल, ही तरतूद मसुद्यात नसेल तर मी स्वतः त्याविरुद्ध लेखी हरकत नोंदवीन.

मोकळा_पडदा

तरतूद कागदावर आली तरी माझा विरोध राहील. पडताळणी खरेदीच्या पावतीवर व्हावी, व्यक्तीवर नको. तिकीट किंवा बिल दाखवणाऱ्याला नाव विचारण्याचे कारणच नाही.