भजनाच्या वेळी लागणारी मालिका आत्यासाठी टिपून ठेवायची आहे, सोपा रेकॉर्डर कोणता घ्यावा?

बाळीवेसची भाची

माझी आत्या ७४ वर्षांची आहे. सोलापुरात बाळीवेसीतल्या जुन्या घरात ती एकटीच राहते आणि मी नोकरीमुळे पुण्यात असल्याने महिन्यातून एखादाच शनिवार-रविवार तिच्याकडे जाणे होते. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यापासून तिला टीव्ही चांगला दिसतो. अडचण आहे ती बोटांची. संधिवातामुळे रिमोटचे एक बटण दाबायला जावे तर दोन दाबली जातात, आणि रिमोट खराब होऊ नये म्हणून तिने तो शेंगाचटणीच्या रिकाम्या पिशवीत घालून वर रबर लावलेले असल्यामुळे बटणांवरची अक्षरे तशीही दिसत नाहीत.

तिची मालिका रात्री साडेआठला लागते आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या मठात भजन असते, त्यामुळे एक दिवस मालिका आणि एक दिवस भजन असे ती भागवत आली आहे. दुसरी गोष्ट आषाढीची. पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमारास होते. गेल्या वर्षी ती गजर लावून उठली आणि टीव्हीसमोर खुर्चीतच झोपून गेली. पूर्वी घरात व्हीसीआर होता आणि आतोबा तीन तासांच्या कॅसेटवर हे सगळे टिपून ठेवत. तसले यंत्र आता मिळत नाही का, असे ती मला दर खेपेला विचारते.

घरात केबलचा सेट-टॉप बॉक्स आहे, टीव्ही ३२ इंची व साधा आहे आणि इंटरनेट नाही. तीन हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल. बाजारातल्या एका दुकानात मला एचडीएमआय रेकॉर्डर दाखवण्यात आला, पण टीव्हीचा एक, बॉक्सचा दुसरा आणि या यंत्राचा तिसरा असे तीन रिमोट तिच्या उशाशी ठेवण्याची कल्पनाच मला सहन झाली नाही. ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांसाठी अशी सोय केली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सात रस्त्याचा दुरुस्तीवाला

आपण तो रेकॉर्डर न घेता परतलात ते बरे केलेत. सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआय तारेने बाहेर पडणाऱ्या चित्रावर सहसा एचडीसीपी नावाचे कुलूप असते. टीव्हीकडे त्याची किल्ली असते, रेकॉर्डरच्या वाट्याला मात्र काळा पडदा येतो. पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही तारांनी काम भागते, परंतु मग वाहिनी बॉक्सवर लावायची आणि वेळ रेकॉर्डरवर भरायची अशी दुहेरी जुळणी रोज करावी लागते. आपल्या आतोबांच्या व्हीसीआरला स्वतःचा ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारा भाग, होता आणि केबलची तार थेट त्यात जात असे. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात जी शहरे होती त्यांत सोलापूरही होते. ३१ मार्च २०१३ ची मुदत उलटल्यावर वाहिन्या सांकेतिक रूपात, केवळ बॉक्समधूनच येऊ लागल्या आणि ती सोय संपली. टीव्हीच्या रिमोटवर रेकॉर्डचा लाल ठिपका असला तरी त्याला भुलू नये, कारण ते बटण टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरवर आलेले चित्र टिपते, बॉक्सने दिलेले टिपत नाही.

तेव्हा रेकॉर्डिंग बॉक्सच्या पोटातच झाले पाहिजे. पहिले काम बिनखर्चाचे आहे: यूएसबीवर रेकॉर्डिंग करणारा बॉक्स मिळतो का, हे आपल्या केबलवाल्याला विचारा. मिळत असेल तर वाहिन्यांचे क्रमांक तेच राहतात, आणि या वयात ही फार मोठी गोष्ट आहे. मिळत नसेल तर डीटीएचकडे, म्हणजे घरावर छत्री लावून उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्यांकडे, वळावे. भारतात टाटा स्काय प्लसने २००८ मध्ये आतल्या हार्ड डिस्कवर टिपणारा बॉक्स आणला (ती कंपनी आता टाटा प्ले या नावाने ओळखली जाते). त्यामानाने पेन ड्राइव्ह लावून टिपणारे नंतरचे बॉक्स स्वस्त पडतात. दुकानदार दोन ट्यूनरचा बॉक्स घ्या म्हणेल. एक कार्यक्रम टिपला जात असताना दुसरी वाहिनी पाहायची असेल तर तो हवा, पण त्यासाठी छत्रीपासून दुसरी तार ओढावी लागते. आपल्या आत्या त्या वेळी भजनात असतात, त्यामुळे एक ट्यूनर पुष्कळ झाला.

डीडी फ्री डिशचाही विचार मनात येईल. त्याला मासिक भाडे नाही, सह्याद्री वाहिनी त्यावर आहे आणि बाजारात मिळणारे अनेक फ्री-टू-एअर (फुकट वाहिन्या दाखवणारे) बॉक्स पेन ड्राइव्हवर टिपतात, म्हणून केवळ महापूजेसाठी तो उत्तम. मात्र पैसे भरून घ्याव्या लागणाऱ्या वाहिन्या त्यावर येत नाहीत. आत्यांची मालिका तशा वाहिनीवर असेल तर घरात दोन बॉक्स होतील आणि आपण पुन्हा तिसऱ्या रिमोटापाशी येऊन थांबाल.

आणखी एक, आणि माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे. ‘रेकॉर्डिंग होत नाही’ म्हणून माझ्याकडे येणारे बहुतेक बॉक्स धडधाकट असतात. घरातल्या कोणीतरी वीज वाचवण्यासाठी भिंतीवरचे बटण बंद केलेले असते. बॉक्सला वीज नसेल तर टायमर चालत नाही. खरेदीआधी एक रात्र आत्यांकडे राहून त्या झोपताना काय काय बंद करतात ते पाहा.

जुळे सोलापूरकर

एवढा खटाटोप कशासाठी, असा मला प्रश्न पडतो. मालिकांचे भाग सहसा दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात. त्याशिवाय स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर आणि सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर हव्या तेव्हा पाहता येतात; प्रसार भारतीचे वेव्हज हे ॲपही नोव्हेंबर २०२४ पासून आहे. साध्या टीव्हीला एचडीएमआयचे भोक असेल तर त्यात ॲप चालवणारी स्टिक लावावी, वायफाय घ्यावे आणि मोकळे व्हावे. रेकॉर्डर ही गेल्या पिढीची वस्तू झाली.

बाळीवेसची भाची

प्रश्नही गेल्या पिढीचाच आहे. दुपारचा भाग तिला ठाऊक आहे, परंतु ती दुपारची झोप सोडायला तयार नाही आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात मी तिला त्याबद्दल दोष देऊ शकत नाही. ॲप मी माझ्या मोबाइलवर दाखवून पाहिले. जाहिरात सुरू झाली की मालिका संपली असे समजून ती फोन पालथा ठेवते. शिवाय वायफायचे दरमहाचे भाडे केवळ अर्ध्या तासाच्या मालिकेसाठी भरणे तिला कधीच पटणार नाही.

विजापूर रोडची सून

माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही तीन वर्षांपूर्वी हेच केले, त्यामुळे ठेचा कुठे लागतात ते सांगते.

आमच्याकडे आधी फ्री-टू-एअर बॉक्स होता. आषाढीच्या आदल्या रात्री मी पहाटे अडीचचा टायमर मोठ्या उत्साहाने लावला आणि सकाळी पाहिले तर पेन ड्राइव्ह रिकामा. रेकॉर्डिंग सुरू झाले ते आठ वाजता, आम्ही सगळे चहा घेत असताना! उपग्रहावरून बॉक्सला ग्रिनिचची वेळ मिळते आणि मेनूमध्ये जीएमटी अधिक साडेपाच तास असे भरले नाही तर त्याचे घड्याळ आपल्यापेक्षा तेवढेच मागे राहते. त्यातही मध्यरात्र उलटली की तारीख एकादशीची होते. आदल्या दिवशीची तारीख भरली तर टायमर लागतच नाही. वेळ भरताना सुरुवातीला पाच आणि शेवटी पंधरा मिनिटे जास्तीची धरावीत, कारण थेट प्रक्षेपण कोणत्याही वेळापत्रकाला जुमानत नाही.

पुढे आम्ही पैसे भरून डीटीएच घेतले. त्यांच्या बॉक्सवर टिपलेले कार्यक्रम त्याच बॉक्सवर दिसतात, हे कोणी सांगितले नव्हते. बॉक्स नादुरुस्त झाला, कंपनीने बदलून दिला आणि दोन वर्षांची कीर्तने पेन ड्राइव्हवर असूनही पाहता येईनाशी झाली. सासरे काही बोलले नाहीत, पण पेन ड्राइव्ह त्यांनी अजून देवघरात ठेवला आहे. म्हणून जे जन्मभर जपायचे आहे ते या यंत्रावर विसंबून ठेवू नये. रोजची मालिका पाहून पुसून टाकण्यासाठीच त्याचा उपयोग करावा.

रिमोटबद्दल सांगायचे तर बाजारात मोठ्या बटणांचे, दुसऱ्या रिमोटचे संकेत शिकून घेणारे रिमोट मिळतात, पण आम्हाला त्याची गरज पडली नाही. डीटीएचच्या अनेक रिमोटांना टीव्हीचे चालू-बंद आणि आवाज ही बटणे शिकवता येतात, त्यामुळे टीव्हीचा रिमोट कपाटात गेला. उरलेल्या रिमोटवर टिपलेल्या कार्यक्रमांची यादी उघडण्याच्या बटणाला लाल नखपॉलिश, ‘ओके’ला पांढरे, आणि बाकी कशाला काही नाही. मालिकेचा टायमर ‘रोज’ असा एकदाच लावून दिला. टिपण्याचे काम सासऱ्यांनी करायचेच नाही, त्यांनी फक्त लाल आणि मग पांढरे दाबायचे, असे ठरवल्यापासून तक्रार नाही.

बाळीवेसची भाची

आपणा सर्वांची आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे मी मागच्या शनिवारी आत्याकडे मुक्काम केला. झोपण्यापूर्वी तिने गॅस, नळ आणि टीव्हीचे बटण या क्रमाने सर्व बंद केले. गेल्या चाळीस वर्षांत या क्रमात फरक पडलेला नाही. ‘हे बटण आता बंद करायचे नाही’ असे म्हटल्यावर तिने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी नळ रात्रभर उघडा ठेवायला सांगत होते. शेवटी तडजोड झाली: साडेआठला यंत्र जागे हवे, तेव्हा भजनाहून येऊन मालिका पाहीपर्यंत बटण चालू राहील आणि नंतर ती हवे तर बंद करील. आषाढीच्या रात्री मी स्वतः तिथे असेन.

केबलवाल्याकडे यूएसबीचा बॉक्स निघाला, बदलण्याचा खर्चही माझ्या अंदाजात बसतो. आता पेन ड्राइव्ह किती जीबीचा घ्यावा? की हार्ड डिस्क बरी?

सात रस्त्याचा दुरुस्तीवाला

पेन ड्राइव्हच घ्या. लहान बॉक्सचे यूएसबी भोक हार्ड डिस्कला पुरेशी वीज देईलच असे नाही आणि मग डिस्क मध्येच बंद पडते. साध्या एसडी वाहिनीला तासाला साधारण एक ते दीड जीबी जागा लागते, एचडीला त्याच्या दुप्पट-तिप्पट. एसडी वाहिनीवरच्या अर्ध्या तासाच्या मालिकेचे महिनाभराचे भाग ३२ जीबीमध्ये मावतील. तो संगणकावर तयार न करता त्याच बॉक्सच्या मेनूमधून फॉरमॅट करावा. दर महिन्याला आपण याल तेव्हा पाहिलेले भाग पुसून टाका, नाहीतर जागा भरते आणि रेकॉर्डिंग गुपचूप थांबते. बटणाची वेळ ठरवलीत ते उत्तम, मात्र बटण पुन्हा चालू केल्यावर बॉक्सचे घड्याळ लागायला थोडा वेळ जातो, म्हणून भजनाला निघण्याच्या निदान पंधरा मिनिटे आधी ते चालू असावे.

बाळीवेसची भाची

काल बॉक्स बसवला. पहिल्या संध्याकाळी आत्या नऊला आली, लाल, पांढरे दाबले आणि मालिका लागली. जाहिरात पुढे सरकवता येते हे तिला दाखवले, पण तिला ते आवडले नाही. जाहिरातीच्या वेळेत तिची दुधाची पातेली झाकून होतात. रिमोटची पिशवी सोडायला ती तयार नाही. तिने कात्रीने दोन बटणांपुरती खिडकी कापून घेतली आहे.

सात रस्त्याचा दुरुस्तीवाला

खिडकी चालेल. पिशवीला आतून चंदेरी अस्तर असेल तर पुढच्या टोकालाही तेवढाच तुकडा कापा, नाहीतर रिमोटचा किरण अडेल आणि आपण मला रिमोट बिघडला म्हणून सांगायला याल.