मदत हवी आहे: कारुसोच्या १९०२च्या तबकडीचा खरा वेग कोणता?

मंडळी, इटालियन ऑपेरा गायक एन्रिको कारुसोने एप्रिल १९०२मध्ये मिलानच्या हॉटेलात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग याच्यासमोर पियानोच्या साथीने दहा तबकड्या गायल्या. (याच गायसबर्गने त्याच वर्षी कोलकात्यात गायिका गौहरजानला ध्वनिमुद्रित केलं!) त्यातल्या, पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेरामधल्या ‘ए लुचेवान ले स्तेल्ले’च्या दोन डिजिटल प्रती माझ्याकडे आहेत आणि गायक दोन वेगळे वाटतात. एकीत आवाज बारीक, घाईतला. दुसरीत भारदस्त, पण पियानो जरा ओढल्यासारखा.

त्या काळी मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण पक्कं झालेलं नव्हतं. अशी तबकडी डोळे मिटून ७८वर वाजवली की पट्टी चढते, इथवर कळतं. पुच्चिनीने ही आरिया (ऑपेरातलं एकल गाणं) बी मायनरमध्ये लिहिली, म्हणून पेटीवर पांढरी सात, म्हणजे बी, धरून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग जुळवतोय. पण तो पियानो आजच्या प्रमाण पट्टीला (ए = ४४० हर्ट्झ) लावलेला होता का? आणि कारुसोने अर्धा स्वर उतरून गायलं असेल तर सगळा हिशेबच कोसळतो.

कुणी मूळ एकबाजूची तबकडी स्वतः वाजवली आहे का? वेग कसा ठरवलात? लिंका नकोत, त्या ढिगाने आहेत; कानाचा अनुभव हवाय.