९.००-२० टायर मिळत नाही म्हणून १०.००-२० बसवू नका

जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकला ९.००-२० टायरऐवजी (सुमारे ९ इंच रुंद, २० इंची रिमचा) १०.००-२० चालेल, असं काहीजण सुचवतात. पुढच्या चाकांवर कदाचित खपेल, मागे शेजारी-शेजारी बसणाऱ्या जोडीवर नाही. १०.०० चा टायर साधारण २० मिमी जास्त रुंद असतो, पण डिस्कचा ऑफसेट (म्हणजे जोडीतल्या दोन टायरांच्या मध्यांमधलं अंतर ठरवणारं माप) तोच राहतो. म्हणजे दोन टायरांमधली फट तेवढी कमी होते. माल भरला की बाजू घासतात, तापतात आणि आतला टायर आधी फुटतो. शिवाय ९.०० ला ७.० इंची रिम लागते, १०.०० ला ७.५. व्यासही तीन-साडेतीन टक्के मोठा, त्यामुळे स्पीडोमीटर कमी वेग दाखवणार.

९.००-२० नायलॉन आजही बनतात. दुकानात नसेल तर ऑर्डर देऊन मागवा. पुढे रिब (लांबीच्या सरळ खाचांचा), मागे लग (आडव्या जाड ठोकळ्यांचा). प्लाय रेटिंग (टायरची भार पेलण्याची ताकद सांगणारा आकडा) जुन्याइतकं तरी हवंच. एकाच धुऱ्यावर नायलॉन आणि रेडियल (तारेच्या पट्ट्यांचे) टायर मिसळायचे नाहीत. बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गोदामात पडून राहिलेला 'नवा' टायर स्वस्तात मिळतो, तो का स्वस्त आहे ते इथे कळतं.

ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मध्ये बसणारी रबरी पट्टी) नवेच घ्या. जुन्या फ्लॅपची घडी नव्या ट्यूबला कापते.

आणि रिम! लॉक रिंग (टायरला रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी) गंजलेली, वाकलेली किंवा दुसऱ्या मेकची असेल तर हवा भरताना ती सुटून माणूस जागीच जातो. रिंग बसते ती खोबण तारेच्या ब्रशने साफ करा, हवा चाक लोखंडी सुरक्षा पिंजऱ्यात ठेवूनच भरा, आणि रिंग बसेना म्हणून हवा असताना हातोडा मारू नका.