बिग हाऊसमध्ये तुम्ही कुठं बसला होतात?

मिशिगन विद्यापीठात शिकलेले किंवा लेकीसुनांकडे ॲन आर्बरला जाऊन आलेले आपल्यात बरेच जण आहेत. तिथल्या फुटबॉल स्टेडियमचे, म्हणजे 'बिग हाऊस'चे अनुभव लिहा. आसनं 1,07,601, अमेरिकेत सगळ्यांत जास्त.

सुरुवात मीच करते. 2004 साली पहिल्यांदा गेले तेव्हा रस्त्यावरून काही भव्य दिसेचना. फाटकातून आत शिरले आणि पुढची जमीनच संपली! बारवेच्या काठावर उभं राहावं तसं. 1927 मध्ये विद्यापीठाचे क्रीडा संचालक फील्डिंग योस्ट यांनी ते खड्ड्यातच बांधून घेतलं, वर पुढेमागे वाढवता येईल असा पायाही घालून ठेवला.

*

आम्ही कोल्हापूरचे. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि पेठापेठांची ईर्षा. रूममेट म्हणाला, फुटबॉलला चल. बघतो तर हेल्मेटं घालून, चेंडू बगलेत मारून पळापळ! थर्ड डाऊनला, म्हणजे चेंडू पुढं न्यायच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, सगळ्यांनी किल्ल्यांचे जुडगे काढून खुळखुळवले. मीही खोलीची किल्ली काढली. एकटी किल्ली वाजत नाही राव.

खरा फुटबॉल तिथं बघितला तो 2 ऑगस्ट 2014 ला. मँचेस्टर युनायटेड 3, रेआल माद्रिद 1. माणूस 1,09,318!

*

लेकीचं पदवीदान, 1 मे 2010. आपला महाराष्ट्र दिन, आणि भाषणाला ओबामा. वरून ते तांदळाएवढे दिसत होते. लेकीचा फोन आला, "आई, मी हात हलवतेय, दिसले का?" अगं, हजारो काळे झगे हात हलवतायत! मी आपला सगळ्यांनाच हात केला.

*

सामन्याआधी खेळाडू धावत येऊन मधला निळा बॅनर उडी मारून शिवतात, ही 1962 पासूनची प्रथा. त्या क्षणी माझ्या अंगावर अजून काटा येतो.

बाकी माझा जीव त्या जादा खुर्चीत अडकलाय. अधिकृत आकड्याच्या शेवटी कायम 1 असतो, तो जुने प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांच्या मानाचा. खुर्ची नेमकी कुठली, हे गुपित! नोव्हेंबरात सगळे जाडजूड कोट घालून आले की बाकावर आखलेल्या जागेत निम्मंच बूड टेकतं. तेव्हा मला ढोसून शेजारी घुसलेले आजोबा तिकीट विचारल्यावर नुसते हसले होते. मला त्यांच्यावरच संशय आहे.