ड्रेनाई वॉरलॉक झाले, पण का झाले ते कोण सांगणार?

सोलशार्ड:
मंडळी, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये जुलै २०२३ च्या १०.१.५ पॅचमध्ये ड्रॅक्थिर सोडले तर सगळ्या रेसना (वंशांना) वॉरलॉक, म्हणजे डेमन बोलावून लढणारा क्लास, खुला झाला, आणि २०२४ ला ड्रॅक्थिरनाही. टॉरेन, नाईट एल्फ, ड्रेनाई, अगदी लाइटफोर्ज्ड ड्रेनाईसुद्धा. गेमप्ले म्हणून माझी काही तक्रार नाही, ज्याला जे खेळायचंय ते खेळू दे. माझं म्हणणं लोरबद्दल, म्हणजे गेममागच्या कथेबद्दल आहे. मी २००७ पासून लॉक खेळतोय आणि मला या क्लासमध्ये जे आवडलं ते हेच की प्रत्येक रेस डेमनच्या नादी का लागली याचं उत्तर वेगवेगळं होतं, आणि ते त्या रेसच्या जखमेतून आलेलं होतं.

ऑर्कांचं बघा. हे लोक मूळचे शामन, म्हणजे एलिमेंट्सशी (अग्नी, वारा, पाणी, माती) बोलणारे. गुलदान जन्मापासून अधू, गावाने हाकलून दिलेला, एलिमेंट्सच्या दारात गेला तर त्यांनीही झिडकारलं, आणि तिथे त्याला डेमनांचा सरदार किलजेडन याचा आवाज ऐकू आला. पहिला ऑर्क वॉरलॉक झाल्यावर त्याने आधी काय केलं, तर स्वतःचंच गाव जाळलं. पुढे ऑर्क ड्रेनाईंवर चालून गेले तेव्हा एलिमेंट्सनी सगळ्याच शामनांकडे पाठ फिरवली, आणि हातातली विद्या गेलेल्या त्या माणसांना गुलदानने दुसरी विद्या दिली. मग मॅनोरोथ या डेमनचं रक्त, सगळ्यात आधी ऑर्क सरदार ग्रॉम प्यायला. फ्रॉस्टवुल्फ टोळी प्यायली नाही तरी त्यांचा थ्रॉल हिरवाच जन्मला, कारण फेल, म्हणजे डेमनांची जादू, नुसतं आजूबाजूला असलं तरी अंगाला लागतं. म्हणजे विद्या घेतली काहींनी आणि किंमत भरली पोराबाळांनी.

ब्लड एल्फांचा जादूचा झरा सनवेल आर्थासने नासवला, जादूची भूक सहन होईना म्हणून ते फेलकडे वळले आणि डोळे हिरवे झाले. हेही पटतं.

आता ड्रेनाई. हजारो वर्षांपूर्वी आर्गस ग्रहावरच्या एरेडार लोकांना लीजनचा, म्हणजे डेमनांच्या फौजेचा, म्होरक्या सार्गेरासने ताकद देऊ केली, त्यांच्यातले किलजेडन आणि आर्किमोंड हो म्हणाले, वेलेन नाही म्हणाला आणि आपली माणसं घेऊन पळाला. ड्रेनाई या शब्दाचा अर्थच निर्वासित. 'नाही' म्हणालेल्यांची ही जमात आहे. आउटलँडमधल्या हेलफायर पेनिन्सुलात डार्क पोर्टलपासून सिटाडेलकडे जो रस्ता जातो ना, पाथ ऑफ ग्लोरी, तो ड्रेनाईंच्या हाडांनी बांधलाय. माउंटवरून जाताना कळत नाही, खाली उतरून पायाखाली बघा. ज्यांची हाडं फेलच्या नादी लागलेल्यांनी रस्त्यात घातली त्यांचीच नात आज इंप (छोटा डेमन) घेऊन त्याच रस्त्याने जाणार असेल तर जाऊ दे, पण ती तिथवर कशी पोचली ते कुणीतरी सांगायला हवं होतं. २०१० ला कॅटॅक्लिझममध्ये टॉरेन पॅलाडिन आणले तेव्हा टॉरेनांच्या तोंडून, आपण चंद्रालाच का पुजतो, आन्शेला म्हणजे सूर्याला का नाही, असा विचार तरी मांडला होता. नाईट एल्फ मेज आणले तेव्हा हायबॉर्न, म्हणजे त्यांच्यातले जुने जादूगार, परत आले हे दाखवलं होतं. इथे नुसतं दार उघडून दिलं.

रात्रपाळी:
भावा, लिहिलंयस छान पण पायाच चुकतोय. वॉरलॉक ही रेसची गोष्ट कधी नव्हतीच, ती एकेका माणसाची गोष्ट आहे. मेजची आर्केन, पॅलाडिनची लाइट, तशी फेल म्हणजे जिवंत जिवाचा प्राण ओढून चालणारी विद्या, ती शिकायला वंश लागत नाही, लागते ती हाव किंवा जिद्द किंवा दोन्ही. स्टॉर्मविंडमध्ये मानव वॉरलॉक पहिल्या दिवसापासून आहेत, २००४ पासून, आणि ते कुठे बसतात? मेज क्वार्टरमधल्या स्लॉटर्ड लॅम्बच्या तळघरात. वर लोक पितायत आणि खाली मंडलं आखलेली. ऑर्गरिमारमध्येही क्लेफ्ट ऑफ शॅडोत, उजेड नाही अशा जागी. म्हणजे खुद्द ऑर्कांनीही त्यांना अंगणात बसवलेलं नाही. मानवांची कुठली सामूहिक जखम होती सांग? काही नाही. काही माणसं शिकली, बाकीच्यांनी तोंड फिरवलं.

आणि नोम! विल्फ्रेड फिझलबँग आठव. २००९, ३.२ पॅच, आइसक्राउनमधलं कोलिझियम, टिरियन फोर्ड्रिंग त्याला बोलावतो, हा मोठ्या थाटात सांगतो की मी डूमगार्ड नावाचा डेमन आणतो, आणि मंडलातून निघतो जरॅक्सस, लीजनचा एरेडार सरदार. विल्फ्रेड त्याच्यावर हुकूम सोडायला जातो आणि दुसऱ्या क्षणाला मेलेला असतो. त्याला कुणी हाकललं नव्हतं, कुठली भूक नव्हती, त्याला फक्त स्वतःच्या हुशारीची खात्री होती. मला तर ही वॉरलॉकची सगळ्यात खरी गोष्ट वाटते, गुलदानपेक्षाही. मग एखाद्या ड्रेनाई पोरीला तशीच खात्री का वाटू नये?

सोलशार्ड:
वाटू दे की. पण नोम समाजाचं नावच 'नाही म्हणणारे' असं नाहीये. विल्फ्रेडने बोलावलेला डेमन त्याच्या घरातला नव्हता. ड्रेनाईने एरेडार बोलावला तर ती स्वतःच्या आजोबांच्या भावाला बोलावतेय.

जुनाहोर्डवाला:
सोलशार्डशी १०० टक्के सहमत आणि माझं उदाहरण याहून जड आहे. मॅगहार ऑर्क. २०१८ ला ही रेस आली तेव्हा त्यांना वॉरलॉक दिला नव्हता आणि ते मुद्दामच, कारण हे त्या दुसऱ्या, समांतर ड्रेनॉरचे ऑर्क (ड्रेनॉर म्हणजे ऑर्कांचा मूळ ग्रह), जिथे ग्रॉमने रक्त नाकारलं आणि मॅनोरोथलाच मारलं. त्यांची तपकिरी कातडी हीच त्यांची ओळख. आता त्यांच्याच तपकिरी हातात फेल दिलं, मग रंगाला अर्थ काय राहिला? माझ्या मॅगहार शामनला मी गेली कित्येक वर्षं सांभाळतोय, तो तपकिरी आहे म्हणूनच सांभाळतोय.

रात्रपाळी:
काका, वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर या भागाचा शेवट विसरलात का. ग्रॉम नाही म्हणाला बरोबर, पण २०१५ ला हेलफायर सिटाडेल आलं तेव्हा गुलदानने तोच प्याला परत पुढे केला आणि किलरॉग डेडआय प्यायला, आणि त्याच्यामागून बाकीचे. त्याच ड्रेनॉरवर. म्हणजे मॅगहारांचाच इतिहास सांगतो की एकदा नाही म्हटलं की विषय संपत नाही, प्याला पुन्हा पुन्हा समोर येतो. मॅगहार वॉरलॉक हा किलरॉगचा वारस, ग्रॉमचा नाही.

जुनाहोर्डवाला:
किलरॉग मी विसरलो नव्हतो, पण हा वारसाचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. तरी मला ते आवडत नाही. किलरॉग तिथे खलनायक म्हणून मेला, त्याच्या पोरांना कुणी शाबासकी दिलेली नाही.

निळाशिंगी:
मी टीबीसीपासून, म्हणजे २००७ च्या बर्निंग क्रुसेडपासून, ड्रेनाई खेळते आणि मला सोलशार्डदादांचं म्हणणं ऐकून थोडं वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहितेय. तुम्ही ड्रेनाईंना देव्हाऱ्यात बसवताय. आमच्या लोकांत पहिल्यापासून डागाळलेले लोक आहेत आणि आम्हीच त्यांना वाळीत टाकलं. ड्रेनाईंचं शॅट्राथ शहर पडलं तेव्हा ऑर्कांच्या त्या लाल धुराने जे बिघडले, वाकले, ज्यांचा लाइटशी संबंध तुटला ते ब्रोकन, त्यांना बाकीच्या ड्रेनाईंनी जवळ केलं नाही. नोबुंडो त्यातलाच. शहराच्या बचावाला उभा राहिलेला माणूस, आणि त्यालाच लांब बसवलं. मग त्याने वाळवंटात एलिमेंट्सचं ऐकलं, शामन झाला, आणि २००७ ला ड्रेनाई शामन खेळता आला तो त्याच्यामुळे. म्हणजे ज्याला टाकलं त्यानेच नवी विद्या आणली हे ड्रेनाईंच्या बाबतीत आधीच एकदा घडलंय. लाइट तुटलेल्या सगळ्यांनाच एलिमेंट्सनी उत्तर दिलं असेल का? ज्याला दिलं नाही तो कुठे जाईल? तुम्हीच वर लिहिलंय की गुलदानलाही एलिमेंट्सनी उत्तर दिलं नव्हतं.

दुसरं म्हणजे कथा नाही असं कसं म्हणता. त्याच १०.१.५ मध्ये मॅनअरी एरेडारांचं आलं की, लाल कातडीचे, लीजनला हो म्हणालेले, लीजन हरल्यावर परत आलेले, आणि वेलेन त्यांना आपल्यात जागा देतो. एकाच पॅचमध्ये वॉरलॉक आणि मॅनअरी दोन्ही, हा योगायोग नाही. मी त्याच दिवशी लाल कातडीची वॉरलॉक बनवली. ती फेल नव्याने शिकत नाहीये, ती हजारो वर्षं तेच करत आलीये, फरक एवढाच की आता कोणासाठी ते तिने ठरवलंय. तिला एक्सोदारमध्ये पहिल्यांदा उभं केलं आणि आजूबाजूच्या निळ्या लोकांमध्ये तिचा लाल रंग दिसला तेव्हा मला खरंच गलबलून आलं.

सोलशार्ड:
ताई, मॅनअरीचं मान्य. तिथे मी घाईत लिहिलं, आणि नोबुंडोचा मुद्दा तर मला सुचायला हवा होता. पण मग लाल एरेडारपुरतं ठेवायचं होतं. लाइटफोर्ज्डचं काय? ज्यांच्या हाडामासात लाइट भिनवलीय, ज्यांनी आर्मी ऑफ द लाइटमध्ये लीजनशी लढण्यात आयुष्यं घालवली, त्यांचा वॉरलॉक मला कुणीतरी समजावून सांगा. वाद घालायला विचारत नाहीये, मला खरंच उत्तर हवंय.

गिल्डताई:
मला वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या जागी शोधताय. हरवली ती रेस नाही, किंमत हरवली. क्लासिकमध्ये मी मानव वॉरलॉक होते. लेव्हल १० ला तळघरातला गाकिन सांगतो की एल्विनमधल्या भोपळ्याच्या शेतावर सुरेना कॅलेडन आहे, तिला मारून तिच्या गळ्यातला चोकर आण. मग तो घेऊन खाली मंडलात उभं राहायचं आणि व्हॉइडवॉकरला बोलवायचं, आणि तो आल्या आल्या तुमच्यावरच धावून येतो. त्याला हरवलं तर तो तुमचा. लेव्हल २० ला सक्युबस, ३० ला फेलहंटर, प्रत्येक वेळी तसंच. आणि शार्ड! समोरचा मरायला टेकला की ड्रेन सोल लावायचा, त्याचा जीव जाईपर्यंत धरून ठेवायचा, तेव्हा एक शार्ड. हेल्थस्टोनला एक, लांबच्या माणसाला बोलवायला एक. रेडच्या (गटाने लढायच्या मोठ्या लढाईच्या) आधी मी तासभर एकटीच फिरून पिशवी भरायचे आणि प्रत्येक जांभळा खडा म्हणजे कोणाचातरी आत्मा हे डोक्यात असायचं. आता शार्ड म्हणजे पट्टीवरचे पाच ठिपके, आपोआप भरतात. डेमन लेव्हलबरोबर फुकट मिळतात. ज्या दिवशी ते सोपं केलं त्या दिवशीच वॉरलॉक कोणीही होऊ शकणार हे ठरलं, २०२३ ला फक्त सही झाली.

रात्रपाळी:
हे मात्र मनापासून पटलं. मी रेस खुल्या करायच्या बाजूचाच आहे, पण प्रत्येक रेसला एक एक मंडलाची क्वेस्ट दिली असती तर मी ३० अल्ट (जादा कॅरेक्टर) बनवले असते. टॉरेनला मलगोरच्या एखाद्या गुहेत, नाईट एल्फला फेलवुडमध्ये जिथे त्यांच्यातल्याच इलिडानने गुलदानच्या कवटीतली ताकद स्वतःत ओढून घेतली आणि सख्ख्या भावाने त्याला हद्दपार केलं. जागा तयार आहेत सगळ्या.

जुनाहोर्डवाला:
आणि मॅगहारला नाग्रँडमध्ये, एलिमेंट्सच्या सिंहासनासमोर. त्यांच्या डोळ्यांदेखत. तसं असतं तर मी गप्प बसलो असतो.

निळाशिंगी:
सोलशार्डदादा, लाइटफोर्ज्डबद्दल मला जे वाटतं ते सांगते. इतकी हजारो वर्षं एकाच शत्रूशी लढलेला सैनिक, लीजन संपल्यावर त्याच्या हातात काय उरतं? डेमनची नावं, त्यांच्या सवयी, त्यांना कशाने वेदना होतात हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही. तो त्यांना सोबती म्हणून बोलवत नसेल, कैदी म्हणून बोलवत असेल. माझ्या डोक्यातला लाइटफोर्ज्ड वॉरलॉक आपल्या फेलगार्डशी एक शब्दही बोलत नाही.

सोलशार्ड:
कैदी. हे मी घेतो. असं गेममध्ये कुठे एका ओळीत जरी लिहिलं असतं तरी हा धागा मी काढला नसता. आज रात्री लाइटफोर्ज्ड बनवतोय, आउटलँड उघडलं की आधी पाथ ऑफ ग्लोरी, माउंट न घेता, पायी. कोणाला यायचं असेल तर सांगा, समनिंगला दोन जण लागतात.

गिल्डताई:
मी येते. रात्री दहानंतर.