निसरड्या प्रवाहात वेडिंग बुटांचा (पाण्यात उतरून चालण्याच्या बुटांचा) तळ कोणता असावा: फेल्ट, रबर की खिळे?

प्रश्न (पुणे)

गेली चार वर्षे मी हिमाचलातील तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंगसाठी (गळाला कृत्रिम माशी लावून करायच्या मासेमारीसाठी) जातो. गेल्या एप्रिलमध्ये गुडघाभर पाण्यात शेवाळलेल्या गोट्यावरून पाय सटकला आणि मनगट मुरगळले. त्यानंतर मी रबरी बुटांना सुतळीचे वेढे घालून पाहिले. पकड स्पष्टपणे सुधारली, पण सुतळी अर्ध्या दिवसातच झिजून तुटली. येत्या जानेवारीत न्यूझीलंडला बहिणीकडे जाणार असून दक्षिण बेटावरील माताउरा नदीवर आठवडाभर ट्राउटसाठी गळ टाकण्याचा बेत आहे. एका अनुभवी मित्राच्या मते फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या तंतूंच्या जाड कापडाच्या, तळाला पर्याय नाही, तर दुकानदार रबर घ्या म्हणतो. दोन जोड घेणे मला परवडणार नाही. तरी कोणता तळ घ्यावा आणि त्याला खिळे बसवावेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (क्राइस्टचर्च)

आपण फेल्ट घेऊ नये, कारण न्यूझीलंडमध्ये ट्राउटच्या मासेमारीसाठी फेल्टचा तळ वापरण्यास 2008 पासून बंदी आहे. नियमात केवळ फेल्ट नव्हे, तर दाबलेल्या किंवा विणलेल्या तंतूंचा कोणताही तळ येतो, आणि तो वरून जोडलेला असला तरी चालत नाही. म्हणजे आपली सुतळीची युक्तीसुद्धा इथे वापरता येणार नाही.

आपल्या मित्राचे निरीक्षण मात्र चुकीचे नाही. शेवाळाच्या बुळबुळीत थरातून फेल्टचे तंतू खाली घुसतात आणि दगडाच्या बारीक खडबडीतपणात रुततात, तर नुसते रबर त्या थरावरच तरंगत राहते. अडचण अशी की ज्या तंतूंमुळे पकड मिळते, त्याच तंतूंमध्ये पाणी आणि सूक्ष्मजीव दडून राहतात. डिडिमो नावाचे शेवाळ 2004 मध्ये इथे प्रथम आढळले ते लोअर वायाऊ नदीत, म्हणजे माताउरा ज्या साउथलंड प्रांतात आहे तिथेच. त्याची एक जिवंत पेशीसुद्धा दुसऱ्या नदीत पोहोचली तर पुरेशी ठरते, आणि ओल्या फेल्टमध्ये ती दीर्घकाळ तग धरते. नदीच्या तळावर डिडिमोची मळकट, लोकरीसारखी गादी पसरलेली मी पाहिली आहे; त्या दिवसापासून या नियमाबद्दल माझ्या मनात तक्रार उरलेली नाही.

वापरलेले बूट आणत असाल तर ते घरीच घासून, पूर्ण वाळवून आणा आणि प्रवेशाच्या अर्जात त्यांची नोंद अवश्य करा. इथे आल्यावर एका नदीवरून दुसरीवर जाताना भांडी धुण्याच्या साबणाच्या पाच टक्के द्रावणाने बूट धुवावेत, किंवा आतून-बाहेरून हाताला कोरडे लागल्यानंतर आणखी 48 तास ते तसेच वाळू द्यावेत.

उत्तर (डेन्व्हर)

इकडे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही 2018 पासून फेल्टला बंदी आहे, त्यामुळे मला रबराशी जुळवून घ्यावेच लागले. माझे स्पष्ट मत असे की शेवाळलेल्या गोट्यांवर खिळ्यांविना रबरी तळ घालून उतरू नये. टंगस्टन कार्बाइडच्या (अतिशय कठीण पदार्थाच्या) टोकांचे स्क्रूसारखे खिळे घ्या. ते तळाच्या मधोमध न बसवता टाचेच्या आणि चवड्याच्या कडेने बसवा, कारण पाय वाकडा पडतो तेव्हा भार कडेवर येतो. स्क्रूची लांबी तळाच्या जाडीपेक्षा कमी आहे ना, हे आधी मोजून पाहा. मी एकदा मोजले नाही. दुपारपर्यंत एका स्क्रूचे टोक आतल्या पातळ थरातून वर येऊन टाचेला टोचू लागले आणि उरलेला दिवस काठावर बसून काढावा लागला.

गुळगुळीत, कठीण खडकाच्या सपाट लादीवर मात्र कार्बाइडसुद्धा घसरते. तिथे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या अधिक चांगल्या, कारण हा मऊ धातू खडकावर किंचित दबून त्याला धरतो. अर्थात तो झिजतोही लवकर. माताउराचे पात्र मुख्यतः गोट्यांचे आणि खडीचे असल्याने आपल्याला कार्बाइडचे खिळे पुरतील. रबरी होडीतून जाणार असाल तर खिळे चालतील का, हे होडीवाल्याला आधी विचारून घ्या.

उत्तर (नाशिक)

मीही तीर्थनवर जातो, म्हणून थोडे लिहितो. आपण घसरलात तेव्हा गोट्याच्या माथ्यावर पाय ठेवला होता का? पाय माथ्यावर न ठेवता दोन गोट्यांमधील खडीत ठेवावा, पाऊल न उचलता सरकवत न्यावे, आणि तोल पुढच्या पायावर टाकण्यापूर्वी तो टेकला आहे याची खात्री करावी. हातातील काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवावी, म्हणजे पाणी काठीला आपल्यापासून दूर नेत नाही. वेडर्स (पाण्यात उतरण्याची जलरोधक विजार) घालणार असाल तर कमरेचा पट्टा घट्ट बांधा, पडल्यास आत कमी पाणी शिरते. बूट घेताना वेडर्सचे जाड निओप्रीन मोजे पायात घालूनच माप घ्या. मी नेहमीच्या मापाचे घेतले होते आणि गार पाण्यात बोटे तासाभरात बधिर होत असत.